तारीख नसलेला ट्रे

मी आयुष्यभर लोकांचे दात बनवले. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी आपलं तोंड मिटतो आणि मग विचारतो, "म्हणजे डॉक्टर का?" डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात हात घालतात, माप घेतात आणि आमच्या लॅबमध्ये पाठवून देतात. त्या मापात प्लास्टर ओतून आम्ही हिरडीचा साचा काढतो. साच्यावर मेण, मेणात दात, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक, मग घासणं आणि पॉलिश. झाली कवळी. चौतीस वर्षं मी माणसांची तोंडं पाहिली ती अशी, पांढऱ्या प्लास्टरची. जिवंत तोंडाशी माझा संबंध आला नाही आणि खरं सांगायचं तर मला तो नकोच होता. प्लास्टर मध्येच बोलत नाही, आणि घरी कधी येणार असंही विचारत नाही.

लॅबमध्ये मला उस्ताद म्हणत. मी सकाळी सगळ्यांच्या आधी जायचो आणि सगळ्यांच्या नंतर निघायचो. रविवारीही जायचो, कारण रविवारी शांतता असते. कुणी विचारलं की म्हणायचो, "माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही." ते खोटं होतं. मी नसलो की पानं व्यवस्थित हलत होती, पण तशी वेळच मी येऊ देत नव्हतो, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मला तर नाहीच.

आमच्याकडे प्रत्येक कामाचा एक ट्रे असतो, वहीएवढा, आणि प्रत्येक ट्रेला एक चिठ्ठी. तिच्यावर डॉक्टरांचं नाव, पेशंटचा नंबर आणि काम द्यायची तारीख. चिठ्ठ्या लिहायला एक बाई आहेत. कडक स्वभाव, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. सगळे त्यांना तारीखबाई म्हणतात. तारखेशिवाय ट्रे त्या टेबलावर येऊच देत नाहीत. अपवाद एकच, तो म्हणजे घरचं काम. कुणाच्या वडिलांची कवळी, कुणाच्या मावशीची. त्या चिठ्ठीवर नुसतं 'घरचं' असं लिहायचं आणि ट्रे सगळ्यात वरच्या फळीवर सरकवायचा. फावल्या वेळात करायचं. घरच्या माणसांना कसली तारीख द्यायची? ही रीत कुणी पाडली ते आता कुणी सांगणार नाही. बहुतेक मीच.

आणखी एक गोष्ट मीच केलेली. भिंतीवर माझ्या अक्षरात एक पाटी होती, 'तीन महिन्यांपेक्षा जुनं माप घेतलं जाणार नाही.' त्याचं कारण असं, की दात काढले की हिरडीखालचं हाड झिजायला लागतं. आधी भराभर, मग हळूहळू, पण थांबत नाही. जुन्या मापावर कवळी केली तर ती तोंडात डुगडुगते, लांबलेल्या आजारातून उठलेल्या माणसाच्या अंगावर त्याचाच जुना कोट लोंबावा तशी. ह्या पाटीवरून मी भल्याभल्या डॉक्टरांना खडसावलं आहे.

आता बायकोचं सांगतो. ती बस डेपोत गाड्यांची घोषणा करायची. पंचवीस वर्षं. आवाज असा, की अर्ध्या झोपेतला प्रवासीही नेमक्या फलाटावर जाऊन उभा राहील. निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. घरात जेवण तयार झालं की ओरडायची, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, गरम भात फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे." मला उशीर झाला की दार उघडतानाच म्हणायची, "सात वाजता येणारी गाडी अनिश्चित काळासाठी उशिरा धावत आहे." मी हसायचो आणि दुसऱ्या दिवशी आणखी उशीर करायचो.

तिच्या हिरड्यांचं दुखणं जुनं होतं. एकेक करत दात गेले. शेवटचे सहा एकदम काढले, आमच्या मुलीला मुलगी झाली त्याच आठवड्यात. नात पाहायला गेलो तेव्हा ही गाल सुजलेल्या अवस्थेत बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "ये गं बाई. दोघींच्याही तोंडाचं बोळकं. चांगली जोडी जमली."

तीन महिन्यांनी हिरड्या भरल्या. डॉक्टरांनी माप घेतलं आणि ते माझ्याकडे आलं. मी साचा काढला, ट्रेमध्ये ठेवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'घरचं'.

"किती दिवस लागतील हो?" तिनं विचारलं.

"आठ दिवस. फार तर दहा."

मी तिला फसवत नव्हतो. उलट मला वाटायचं, हिचं काम घाईगर्दीत नको. लोकांचं काय, उरकून टाकता येतं. हिचं अगदी निवांत, मन लावून करायचं. त्या निवांतपणाची मी वाट पाहत राहिलो. ती माझी वाट पाहत राहिली. सुरुवातीला आठवण करून द्यायची, मग गमतीत करून द्यायची, मग थांबली.

दात नसले की आधी फ जातो, मग त आणि द घसरतात. फलाट हा शब्द तिला उच्चारता येईना. ज्या बाईनं पंचवीस वर्षं एक अक्षर चुकवलं नाही तिला हे कसं सोसावं? तिनं बोलणंच कमी केलं. बाहेरच्यांसमोर तोंडावर रुमाल धरायची. बहिणीचा फोन आला तर "नंतर करते" म्हणून मेसेज टाकायची. अख्खं सफरचंद उभ्या उभ्या कचाकचा खायची तिची सवय होती. ती सफरचंदं घरात यायची बंद झाली, आणि तेही माझ्या लक्षात आलं नाही. फक्त नात आली की रुमाल बाजूला पडायचा. तिच्यासमोर ही मोकळ्या बोळक्यानं हसायची, तिला गाणी म्हणून दाखवायची. बाकी वेळ घर शांत. आणि मला, काय सांगू, ती शांतता आवडायला लागली होती. दमून आल्यावर बरं वाटायचं.

एक दिवस मुलीचा लॅबमध्ये फोन आला. घरी मी सापडत नाही म्हणून ती तिथेच करायची.

"बाबा, आई तीन आठवडे माझ्याशी बोललेली नाही. नुसते मेसेज. तिच्या दातांचं काय झालं?"

"चाललंय. ह्या महिन्यात देतोच."

"तुम्ही हे आधीही म्हणाला होतात."

"अगं, काम असतं. तू लहान आहेस का आता?"

फोन ठेवला आणि मला स्वतःचाच राग आला. स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून ट्रे काढला. बोटभर धूळ होती. फुंकर मारली, साचा हातात घेतला. छान साचा. कडा स्वच्छ, कुठे टवका नाही. मनाशी म्हटलं, चार-पाच महिने झाले असतील, जरा जुना आहे, पण माझ्या हाताला चालेल.

तीन रविवार मी त्यावर बसलो. रंग तीनदा बदलला. तिचा पुढचा एक दात मुळात किंचित तिरका होता. लग्नात फोटो काढताना ती ओठ दाबून धरायची त्याच्यापायी. मी तो तसाच तिरका बसवला. आमचा पॉलिशवाला कवळी हातात घेऊन बघतच राहिला. "उस्ताद, ही हसते आहे."

तारीखबाई चष्मा लावून आल्या. कवळीकडे बघितलंच नाही, तारीख नसलेल्या चिठ्ठीकडे बघितलं.

"हे माप कधीचं?"

"आत्ताचंच. हिवाळ्यातलं."

"कुठल्या हिवाळ्यातलं?"

"बाई, तुम्ही चिठ्ठ्या लिहा," मी म्हणालो. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कवळीची डबी बायकोच्या हातात दिली. ती आरशासमोर गेली. बराच वेळ पाठमोरी उभी होती. मी बुटाच्या नाड्या बांधत होतो.

"बसली का?"

"बसली."

"टोचत नाही ना?"

"नाही. छान केलीत हो." आणि आरशातूनच म्हणाली, "तिरका दातसुद्धा आठवला तुम्हाला."

मी दिवसभर खुशीत होतो. पुढचे दीड महिने रोज सकाळी ती माझ्यासमोर कवळी लावून चहा प्यायची, मान हलवायची, मी निघायचो. बोलायची कमीच. मला वाटलं, होईल सवय.

मग एका दुपारी लॅबची वीज गेली. रस्त्याखाली केबल जळाली होती, दुसऱ्या दिवसापर्यंत काही होणार नव्हतं. मालकांनी सगळ्यांना सोडलं. मी थोडा वेळ अंधारात बसून पाहिलं, मग नाइलाजानं घरी गेलो. दोन वाजले असतील.

किल्लीनं दार उघडलं. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, पाठ माझ्याकडे. समोर दुधात भिजवलेल्या पावाची वाटी होती. शेजारी पाण्याच्या वाडग्यात मी केलेली कवळी. मला पाहून ती इतकी दचकली, की चमचा खाली पडला. पहिली गोष्ट तिनं काय केली असेल? वाडग्यात हात घालून कवळी तोंडात बसवायला गेली. पाणी मनगटावरून ओघळलं. चोरी पकडल्यासारखी.

"काढ ती," मी म्हणालो. "काढ. आ कर बघू."

"काही नाही हो, जेवताना जरा…"

"आ कर."

खिडकीशी नेऊन मी तिच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी जिवंत तोंडात बघत होतो. खालच्या हिरडीला उंचवटा असा उरलाच नव्हता. सपाट. आणि डाव्या बाजूला, कवळीची कड जिथे घासली होती तिथे, नखाएवढी लाल जखम. एक जुनी बरी झालेली, तिच्याशेजारी नवी.

"दीड महिना तू हे… सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला परत वेळ काढावा लागला असता."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर मला सोसलं असतं. टोमणा नव्हता. गाडी का चुकली ते प्रवाशाला समजावून सांगावं तसं ती मला सांगत होती. माझी गिऱ्हाईकं केसाएवढं टोचलं तरी डॉक्टरांच्या डोक्यावर बसतात, आणि डॉक्टर माझ्या. माझी बायको मात्र रक्त गिळून मान हलवत होती, कारण माझा वेळ जाईल.

"पण चार-पाच महिन्यांत एवढं हाड जात नाही," मी म्हणालो. मूर्खासारखा मी अजून हिशेब मांडत होतो. "चार-पाच महिन्यांत शक्यच नाही."

ती हळू, शब्द जपून, म्हणाली, "अहो, नातीला अठरा दात आलेत."

मी खुर्चीत बसलो. जिचा जन्म आणि हिचे शेवटचे दात एकाच आठवड्यातले, ती आता घरभर पळत होती, पोळीचा तुकडा दातांनी तोडत होती. ते माप दोन वर्षांचं होतं. मला खरोखर, शपथेवर सांगतो, चार-पाच महिने वाटले होते. चिठ्ठीवर तारीख नव्हती. असती तर माझ्याच पाटीनुसार मी तो साचा त्या दिवशी कचऱ्यात टाकला असता. मी रडलो. ती उठून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये स्टुलावर चढून मी वरच्या फळीवरचे सगळे ट्रे खाली काढले. अकरा निघाले. पॉलिशवाल्याच्या वडिलांचा ट्रे होता. तो ट्रे हातात घेऊन तो म्हणाला, "ह्याला आता नको." ते मागच्या वर्षी गेले होते. आम्ही सगळेच त्यांना पोचवायला गेलो होतो. तारीखबाईंनी पेन उघडलं आणि उरलेल्या दहांवर तारखा घातल्या. मी मालकांकडे जाऊन सांगितलं, आजपासून पाच वाजता निघणार, रविवारी येणार नाही. त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

घरीही तोच प्रश्न. पहिल्या दिवशी साडेपाचला दारात उभा राहिलो तर बायको घाबरली. "कुणाला काही झालं का?" काही झालं नाही म्हटल्यावर तिला काय करावं सुचेना आणि मला कुठे बसावं कळेना. साडेपाच ही तिची रेडिओ ऐकत पाय वर करून बसायची वेळ होती. त्या खोलीत एकच बरी खुर्ची होती आणि ती इतकी वर्षं तिची होती. मी आठवडाभर पाहुण्यासारखा बसलो. हात शिवशिवायचे. दोनदा काही विसरलं असं सांगून लॅबकडे निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो. एकदा तिचे डबे रंगवार लावून ठेवले तेव्हा ती चिडली. "माझा डेपो बिघडवू नका."

डॉक्टरांनी नवं माप घेतलं. मी साचा काढला आणि जुन्याशेजारी टेबलावर ठेवला. जुन्या साच्यात खालची हिरडी करंगळीएवढी उंच होती. नव्यात तिथे नुसती एक रेघ. पट्टी लावायची गरज नव्हती, तरी मी लावली. हे हाड परत येत नाही. कुणाचंच नाही. भिंतीवरची पाटी मी त्याचसाठी माझ्या हातानं लिहिली होती.

दोन वर्षांपूर्वी केली असती तर तिनं सफरचंद खाल्लं असतं. आता वरची पक्की बसली, पण खालचीला धरायला जागाच नव्हती. सात वेळा मी ती कमी-जास्त केली, दर वेळी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, डॉक्टरांना विचारून विचारून. ती लावायची, बोलून बघायची, मी समोर बसून थांबायचो. चौथ्या वेळी ती म्हणाली, "इथे टोचतंय."

"कुठे?"

"इथे. आणि त्या बाजूला जास्त उंच वाटते. आणि घाई करू नका."

तिनं तक्रार केली म्हणून मला किती बरं वाटलं ते कुणाला सांगून पटणार नाही.

सफरचंद मी कापतो आता, पातळ, कागदासारखं. ती म्हणते, "जरा जाड काप चालेल हो," आणि मी जरा जाड कापतो, आणि ती ते तोंडात बराच वेळ घोळवत ठेवते. मग वाटीत काढून ठेवते. पण फ परत आला. एका संध्याकाळी मी दार लोटलं आणि आतून आवाज आला, जुना, खणखणीत नव्हे पण स्पष्ट, "साडेपाचची गाडी फलाट क्रमांक एकवर वेळेवर आलेली आहे." मी दारातच थांबलो. पुढचं वाक्य म्हणेल म्हणून. "आत या," ती म्हणाली, "चहा निवतोय."

त्यानंतरच्या शनिवारी मुलगी नातीला घेऊन आली. बायको सकाळपासून तयार. कवळी लावलेली, केस नीट विंचरलेले. मुलगी दारातच आईकडे बघून रडवेली झाली. "आई, किती दिवसांनी गं तू अशी दिसते आहेस." तिनं मला मिठी मारली. पाच वाजता घरी येणाऱ्या बापाला मारतात तशी, जरा बिचकत.

नात मात्र आईच्या पायामागून पुढे येईना.

"ये गं," बायको म्हणाली आणि हसली. सगळे दात दिसले, तिरक्यासकट. "आजीकडे ये."

नात दोन पावलं मागे सरली. तिनं आजीच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, मग स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, मग आतल्या खोलीत. परत येऊन आईला विचारलं, "माझी आजी कुठेय?"

"अगं, हीच आजी."

"ही नाही." आणि ओठ काढून रडायला लागली. "माझी आजी."

मुलीनं समजावलं, मी समजावलं, खाऊ दाखवला. पोर हुंदके देत दाराकडे बोट दाखवत राहिली. तिच्या सगळ्या आयुष्यात तिनं आजीच्या तोंडात दात पाहिले नव्हते. तिचं काय चुकलं होतं?

बायको माझ्याकडे वळली, तोंडाशी हात नेला, आधी खालची, मग वरची काढली आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या.

"धरा जरा," ती म्हणाली.

गाल आत गेले. ती खाली बसली, हात पसरले आणि मोकळ्या बोळक्यानं हसली. नात रडायची थांबली, एकदा नीट बघितलं आणि धावत जाऊन तिच्या मांडीत घुसली. दोघी हलत हलत कसलंसं गाणं म्हणायला लागल्या, ज्यातला एकही शब्द मला कळत नव्हता, पण नातीला सगळं येत होतं. दोन वर्षं हे गाणं ह्या घरात चालू होतं.

मी खुर्चीवर बसलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम माझ्या हातात होतं, ओलं आणि अजून कोमट. टेबलावर ठेवता आलं असतं, पण तिनं धरायला सांगितलं होतं. मला कुठे जायचं नव्हतं. मी धरून बसलो.